जुन्या नावेसाठी वापरलेली मोटर : निवड आणि पारख

जबलपूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही नर्मदेवरील बरगी धरणामुळे निर्माण झालेल्या राणी अवंतीबाई लोधी सागराच्या काठी उभे राहिले असता समुद्राची आठवण व्हावी, असा त्याचा विस्तार आहे. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधून वल्ह्यांवर चालणारी नाव आणि या जलाशयावर वाऱ्याशी झुंजणारी नाव यांच्या गरजा एकसारख्या नसतात. धरणाने विस्थापित झालेल्या मच्छीमारांच्या सहकारी संस्थांच्या संघाला १९९४ मध्ये येथील मासेमारीचे हक्क मिळाले होते. अशा विस्तीर्ण पाण्यात मासळी गोळा करणारी नाव असो वा बचावकार्याची, वादळी वारा सुटण्यापूर्वी काठ गाठणे तिला भाग असते. मोटर बंद पडली तर नुकसान केवळ पैशांचे होत नाही.

नावेच्या पाठीमागच्या फळीवर बाहेरून अडकवावयाच्या मोटरीला ‘आउटबोर्ड’ म्हणतात. इंजिन, दांडा, गिअर आणि पंखा हे सारे एकाच उभ्या साच्यात असते. नावेचे आयुष्य बहुधा मोटरीपेक्षा अधिक असल्याने मालकाला एकदा तरी मोटर बदलावी लागते. नव्या मोटरीची किंमत न परवडल्यास तो वापरलेल्या मोटरीकडे वळतो. हा निर्णय मुळीच गैर नाही. मात्र त्यातील पायऱ्यांचा क्रम चुकता कामा नये.

पहिली पायरी परवानगीची. सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या भोपाळ येथील पीठाने भोपाळच्या मोठ्या तलावातील तसेच नर्मदेतील क्रूझ व यांत्रिक नौकांविरुद्ध आदेश दिला. जुन्या पद्धतीच्या दोन-स्ट्रोक मोटरीत इंधनाचा बराच भाग न जळताच पाण्यात जातो, हे लक्षात घेता अशा निर्बंधांमागील चिंता समजण्याजोगी आहे. म्हणून आपल्या नावेला, आपल्या कामासाठी आणि आपल्या पाण्यात कोणत्या इंजिनाची मुभा आहे, हे संबंधित विभागाकडून लेखी घेतल्याशिवाय मोटरीचा शोधही सुरू करू नये. शिवाय १९१७ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ नुसार यंत्रचलित जलयानाची तपासणी व नोंदणी यांचे नियम आहेत; नोंदणी झालेल्या नावेचे इंजिन बदलल्यास तो बदल नोंदणी अधिकाऱ्यास कळविणे इष्ट.

दुसरी पायरी म्हणजे स्वतःच्या नावेची तपासणी. मोटर पाहावयास जाण्यापूर्वी नाव पाहावी, हे ऐकावयास विचित्र वाटेल; पण मोटरीचा सारा भार आणि धक्का नावेच्या मागच्या उभ्या फळीवरच येतो. फायबरच्या नावांत या फळीच्या पोटात अनेकदा प्लायवूड असते. जुन्या मोटरीच्या बोल्टांच्या छिद्रांतून वर्षानुवर्षे पाणी झिरपून ते आतल्या आत कुजते आणि वरचा रंग मात्र शाबूत राहतो. हातोडीच्या दांड्याने फळीवर ठिकठिकाणी ठोकून पाहावे. टणक आवाजाऐवजी बद्द आवाज येऊ लागला, अथवा जुन्या मोटरीला हाताने पुढेमागे रेटले असता फळी लवली, तर आधी फळीची दुरुस्ती करावी. तो खर्च हिशेबात न धरता ठरविलेली मोटर स्वस्त नव्हेच.

याच फळीशी वजनाचा प्रश्न निगडित आहे. ४० अश्वशक्तीची साधी दोन-स्ट्रोक मोटर सुमारे ७५ किलोची असते, तर त्याच शक्तीची चार-स्ट्रोक मोटर ९५ ते १०० किलोपर्यंत जाते. हे जादा वीस-पंचवीस किलो नावेच्या अगदी टोकाला बसतात, आणि इंधनाची टाकी व चालक हेही तेथेच असतात. मग नाव मागून दबते आणि वेग एकदम कमी केला की मागची लाट आत शिरते. चार-स्ट्रोक मोटर कमी इंधन खाते, कमी धूर सोडते आणि आजच्या निर्बंधांच्या काळात तीच सोयीची ठरण्याची शक्यता अधिक. पण नाव लहान व जुनी असेल तर कमी अश्वशक्तीची चार-स्ट्रोक घेणे शहाणपणाचे. पूर्वी होती त्याहून मोठी मोटर हवी, हा हट्ट जुन्या नावेला मानवत नाही.

दांड्याची लांबी हीदेखील नावच ठरविते. प्रचलित लांबी १५, २० व २५ इंच अशी असते. पंख्याच्या वरची आडवी पट्टी साधारणपणे नावेच्या तळाच्या पातळीत यावी. दांडा आखूड पडला तर पंखा हवा घेतो व मोटर नुसतीच गुरगुरते. लांब झाला तर पाण्याचा अडथळा वाढतो आणि जलाशयाची पातळी उतरल्यावर बुडीत खोडांवर व खडकांवर पंखा आपटण्याचा धोका संभवतो.

एवढे ठरल्यावर मग मोटर पाहावी. जबलपूरसारख्या ठिकाणी वापरलेली मोटर बहुधा दूरच्या समुद्रकिनाऱ्यावरून आलेली असते, आणि खारे पाणी हा आउटबोर्डचा मोठा शत्रू आहे. मोटर थंड राहावी म्हणून बाहेरचेच पाणी तिच्या आतून फिरविले जाते. वापरानंतर गोड्या पाण्याने धुतली नसेल तर त्या वाटांत मीठ साचते. बाहेरून ताजा रंग दिलेली मोटर पाहून हुरळून जाऊ नये. उलट, रंग नवा आणि बोल्ट गंजलेले असतील तर अधिकच सावध व्हावे. सिलिंडरच्या डोक्याजवळचा रंग करपलेला असेल तर मोटर कधीतरी अतिशय तापली होती, असे समजावे. प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मापकाने मोजून घ्यावे. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरांतील फरक महत्त्वाचा, आणि तो दहा टक्क्यांहून अधिक असेल तर ती मोटर सोडून द्यावी. खालच्या गिअरच्या डब्यातील थोडे तेल काढून पाहावे. ते दुधाळ दिसले तर सील गेलेले आहे व पाणी आत शिरते आहे. मासेमारीच्या नावांत जाळ्याचा तंगूस पंख्याच्या दांड्याला गुंडाळून सील कापतो, त्यामुळे ही तपासणी कधीही टाळू नये. तेलात धातूचा कीस आढळला तर पुढे बोलणीच करू नयेत.

केरळसारख्या किनाऱ्यांवर केरोसिनवर चालणाऱ्या मोटरीही वापरात आहेत. त्या पेट्रोलवर सुरू करून मग केरोसिनवर घ्याव्या लागतात, आणि त्यांत काजळी अधिक धरते. अशी मोटर स्वस्तात मिळाली तरी इंधनाची सोय आधी पाहावी.

विक्रेत्याने पाण्याच्या पिंपात मोटर चालवून दाखविली म्हणजे चाचणी झाली, असे मानू नये. मोटर पूर्ण थंड असताना सुरू करून पाहावी. आधीच गरम करून ठेवलेली मोटर आपले दोष लपविते. चालू होताच मागच्या छिद्रातून पाण्याची अखंड धार पडली पाहिजे. त्यानंतर नेहमीच्या भारासह पूर्ण वेगाने नाव पळवून फेऱ्यांचा आकडा निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत येतो का, हे मापकावर पाहावे. तो कमी आल्यास पंखा बदलून पाहता येतो, कारण पंख्याची चाल एक इंचाने कमी केली की फेऱ्या साधारणपणे १५० ते २०० ने वाढतात.

सुटे भाग कोठे मिळतील, हा प्रश्न व्यवहार ठरण्यापूर्वीच विचारावा. इव्हिनरूड या जुन्या नामांकित मोटरीचे उत्पादन २०२० मध्ये थांबले. अशा मोटरीचे एखादे सील मागविण्यात हंगामाचे दिवस जाऊ शकतात. आपल्या भागातील मिस्त्री जी मोटर उघडतो, ती चार पैसे अधिक देऊनही घ्यावी.

उदाहरणादाखल, मोटर ६०,००० रुपयांना ठरली आणि फळीची दुरुस्ती, पाण्याच्या पंपाचे रबरी चक्र, केबल व पंखा यांना २५,००० रुपये लागणार असतील, तर व्यवहार ८५,००० रुपयांचा आहे. कर्जाची मागणी करताना हाच आकडा शाखेत मांडावा. अन्यथा मोटर येते आणि दुरुस्तीसाठी सावकाराचे दार गाठावे लागते. २०१८-१९ पासून मत्स्यव्यवसायालाही लागू झालेले किसान क्रेडिट कार्ड मुख्यतः खेळत्या भांडवलासाठी आहे. मोटरीसाठी मुदत कर्जाचा विचार करावा. मोटरीवरील अनुक्रमांकाची पट्टी, मूळ बिल आणि विक्रेत्याची पावती यांतील क्रमांक जुळले पाहिजेत, कारण नजरगहाण व विमा या दोहोंचा आधार तोच असतो. खरवडलेल्या क्रमांकाच्या मोटरीवर शाखेने कर्ज देऊ नये आणि ग्राहकाने मागूही नये.

परतफेडीची मुदत ठरविताना अधिकाऱ्यांनी मोटरीचे उरलेले आयुष्य पाहावे, नावेचे नव्हे. हप्ते आखताना मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात मासेमारी बंद असते, याची नोंद घ्यावी. त्या दोन महिन्यांत उत्पन्न नसते. मोटर मात्र काठावर उतरवून, गिअरचे तेल बदलून, गंजरोधक धातूची वडी तपासून ठेवण्यास तोच काळ योग्य. समुद्रावरून आलेल्या मोटरीला ही वडी जस्ताची असू शकते. गोड्या पाण्यात जस्तावर थर धरून ते निकामी होते, म्हणून नर्मदेवर उतरविण्यापूर्वी तेथे मॅग्नेशियमची वडी बसवून घ्यावी.