चौविहार आणि झोप

सांगलीच्या हळदपेठेतील आपली अनेक कुटुंबे सूर्यास्तापूर्वी जेवतात. तरीही झोप लागत नाही, ही पुष्कळांची तक्रार असते. चौविहारात रात्रीचा चहा वर्ज्य होतो, हे मोलाचे. कॅफिनचा निम्मा अंश सुमारे 5 तासांनंतरही शरीरात उरतो. म्हणून दुपारी 4 नंतरचा चहाही टाळावा. परंतु जेवण लवकर आटोपते आणि पेढीचे हिशेब मोबाईलवर मध्यरात्रीपर्यंत चालतात! त्या प्रकाशाने मेलाटोनिन हे निद्रासूचक द्रव्य उशिरा स्रवते. बँकेत वार्षिक हिशेबांच्या दिवसांत मीही असाच तळमळत असे. दर्शनावरणीय कर्माच्या 9 भेदांपैकी 5 निद्रेचे आहेत. त्यांतील स्त्यानगृद्धीत मनुष्य दिवसा योजलेले काम झोपेतच करतो. प्रतिक्रमणानंतर दिवे मंद करावेत, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा, उठण्याची वेळ सुटीच्या दिवशीही बदलू नये. घोरताना श्वास अडखळत असेल, तर मात्र डॉक्टरांनाच दाखवावे.