इंजिनाच्या पोटात – ७ : कॉम्प्रेशन गेलं म्हणजे काय गेलं?

आज नॉकिंगवर, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटल्याने इंजिनात होणाऱ्या ठकठकीवर, लिहायचं कबूल केलं होतं, पण ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. पूर्णा तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकाचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेवून दुसरं काही लिहिणं मला जमेना. ते विचारतात, "सर, रेशो इंजिन बनतानाच ठरतो म्हणता. मग आमचे मिस्त्री इंजिनाचं कॉम्प्रेशन गेलं म्हणतात, तेव्हा गेलं काय?"

त्यांचं इंजिन विहिरीवरचं आहे. तेव्हा आज मोटार जरा कडेला लावू आणि विहिरीकडे जाऊ.

किर्लोस्करचं एव्ही-१ घ्या. पाच हॉर्सपॉवर, एकच सिलिंडर, बोअर ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११०. पिस्टन खालून वर येताना ५५३ सीसी जागा व्यापतो. कॉम्प्रेशन रेशो १६.५, म्हणजे पिस्टन तळाशी असतानाची सगळी जागा ही तो वर पोचल्यावर उरणाऱ्या पोकळीच्या साडेसोळा पट. मागच्या अंकातलं गणित लावा, म्हणजे रेशोतून एक वजा करून ५५३ ला १५.५ ने भागा. पिस्टन अगदी वर पोचल्यावर डोक्यावर उरणारी पोकळी ३६ सीसीच्याही किंचित कमी भरते. आता जुनी मारुती ८०० घ्या. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, म्हणजे एकेकाला २६५. रेशो ८.७ च्या आसपास. २६५ ला ७.७ ने भागलं की पोकळी येते ३४ सीसी.

पोकळी जवळपास तेवढीच! एवढ्याशा जागेत मारुतीचा पिस्टन सुमारे ३०० सीसी मिश्रण कोंबतो, तर विहिरीवरचं इंजिन ५८९ सीसी हवा. पेट्रोल आणि डिझेल इंजिनांतला फरक मला या दोन भागाकारांत जितका लख्ख दिसतो, तितका कुठल्याही आकृतीत दिसलेला नाही.

पण हे सगळे आकडे जागेचे आहेत. इंजिन बंद असलं, रिंगा पार झिजलेल्या असल्या, तरी १६.५ हा आकडा जिथल्या तिथे. मिस्त्री ज्याला कॉम्प्रेशन म्हणतात तो दाब. कोंडलेल्या हवेतली किती हवा पिस्टन वर पोचेपर्यंत आत टिकली, त्यावर तो ठरतो.

याचा पुरावा प्रत्येक हँडलच्या इंजिनावर बसवलेला असतो. हेडवरची ती छोटी लिव्हर आठवा. ती उचलली की व्हॉल्व्ह उघडा राहतो, हवा बाहेर निसटते आणि शाळकरी पोरगासुद्धा हँडल गरगर फिरवू शकतो. चाकाने वेग धरला की लिव्हर पाडायची. त्याच क्षणी हवा कोंडते आणि इंजिन धडधडायला लागतं. लिव्हर वर असताना रेशो १६.५ च होता, दाब मात्र नावाला नव्हता. झिजलेल्या इंजिनात ती लिव्हर जणू कायमची अर्धवट उचललेली असते. हवा निसटते ती रिंगांच्या कडेने, नीट न बसणाऱ्या व्हॉल्व्हमधून किंवा हेडच्या जळक्या पॅकिंगमधून.

डिझेलला हे का सोसत नाही? त्याला ठिणगी नसते, ते पेटतं केवळ दाबाने तापलेल्या हवेवर. २७ अंशांची हवा साडेसोळा पट दाबली तर हिशेबाने ती साडेसहाशे अंशांच्या आसपास जाते. प्रत्यक्षात सिलिंडरच्या गार भिंती बरीच उष्णता पिऊन टाकतात. डिझेल तसं अडीचशे अंशांच्या आगेमागेही आपोआप पेटू शकतं, पण इथे त्याला सेकंदाच्या काही हजाराव्या भागात पेटायचं असतं. म्हणून हवा त्याहून खूपच जास्त तापलेली लागते. थोडी हवा निसटली, त्यात जानेवारीतली पहाट असली, की गव्हाला पाणी द्यायला आलेला माणूस हँडल मारून घामाघूम होतो आणि इंजिन नुसता पांढरा धूर सोडतं. त्या धुरातलं बरंचसं न पेटलेलं डिझेलच असतं.

पेट्रोल गाडीत दोष शोधायला एक सोपी युक्ती आहे. प्लग काढून गेज लावा, दाब बघा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा बघा. दाब चढला तर दोष रिंगांचा, कारण तेलाने फट भरली. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा पॅकिंग तपासा. डिझेलवर हा प्रयोग करू नका. ते तेलच आत पेट घेऊ शकतं.

आता मिस्त्रींच्या बाजूने एक गोष्ट. रेशोसुद्धा बदलतो, पण तो झिजेने नव्हे, दुरुस्ती करणाऱ्याच्या हातून. एव्ही-१ ला अर्धा मिलिमीटर जाड पॅकिंग बसलं, तर पोकळी अडीच सीसीने वाढते आणि साडेसोळाचे साडेपंधरा होतात. म्हणून जाणता मिस्त्री हेड कसण्याआधी पिस्टनवर शिशाच्या तारेचा तुकडा ठेवतो, हेड कसून चाक एकदा हाताने फिरवतो आणि चेपलेल्या तारेची जाडी मोजतो. वर किती फट उरली ते तार सांगते. कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ती जुळेपर्यंत तो शिमा घालतो-काढतो. पत्रलेखकांनी आपल्या मिस्त्रींना एवढंच विचारावं, तार ठेवता का? ठेवत असतील तर इंजिन निर्धास्त त्यांच्या हाती द्या.

नॉकिंग पुढच्या आठवड्यात. त्यासोबत उसापासून बनणारं इथेनॉलही येईल, कारण पेट्रोल इंजिनाचा रेशो साडेआठ-नऊच्या पुढे नेण्याची वाट तिथूनही जाते.