झोपेनंतरही न जाणारा थकवा

दसऱ्यानंतर पौर्णिमेपर्यंत श्री तुळजाभवानी मातेची श्रमनिद्रा असते. श्रमानंतर विश्रांती हा देहधर्मच. परंतु झोपूनही थकवा जात नसेल, हातापायांना मुंग्या येत असतील, चालताना तोल जात असेल, तर कारण शोधलेच पाहिजे. असे रुग्ण अनेकदा ‘मनाचे खेळ’ हा शिक्का घेऊन वर्षानुवर्षे हिंडतात.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४४१ पुरुषांपैकी ६७ टक्के जणांत बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. ते मुख्यतः दूध, अंडी, मांस यांतून मिळते. हिमोग्लोबिन पुरेसे असूनही त्याच्या अभावी मज्जातंतूंची हानी होऊ शकते. लोहाच्या कमतरतेमुळे रात्री पाय अस्वस्थ होऊन झोप मोडू शकते.

म्हणून अशा रुग्णांच्या बी-१२, लोह, थायरॉइड व रक्तशर्करा या तपासण्यांचा आम्ही आग्रह धरतो. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे याचीही घरच्यांकडे चौकशी करतो. बी-१२ची उणीव इंजेक्शनांनी भरून काढता येते. उशीर झाल्यास मात्र मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते. गरजू रुग्णाची तपासणी पैशांअभावी लांबू नये, यातच आपल्या साहाय्याचे मोल आहे.