तंबूंतील संसार

पतिपत्नींनीं मिळून वनांत राहण्याची कल्पना आपल्या लोकांस नवी नाहीं. सीतामाईचा वनवास घरोघरीं ठाऊक आहे, आणि वानप्रस्थास निघालेल्या पुरुषानें पत्नीस मुलांच्या स्वाधीन करावें किंवा बरोबर न्यावें, असे दोन्ही मार्ग मनुस्मृतींत सांगितले आहेत. परंतु पहिला वनवास वचनपूर्तीसाठीं, आणि वानप्रस्थ उतारवयांतलें. ऐन तारुण्यांत, केवळ ज्ञानाच्या ओढीनें, तान्ह्या मुलासह आपला संसारच अरण्यांत नेणाऱ्या एका जोडप्याची हकीकत आज वाचकांपुढें ठेवीत आहें.

हें जोडपें अमेरिकेंतील. ओलॉस म्युरी यांचा जन्म १८८९ सालीं, नॉर्वेहून येऊन मिनेसोटा प्रांतांत स्थायिक झालेल्या कुटुंबांत झाला. प्राणिशास्त्रज्ञ म्हणून ते १९२० पासून सरकारतर्फे अलास्कांत कॅरिबूंचा अभ्यास करीत होते. कॅरिबू म्हणजे हिमप्रदेशांतील मोठें हरिण. त्याच्या मादीसही बहुधा शिंगें असतात. मार्गारेट टॉमस ही अलास्कांतील फेअरबँक्स गांवीं वाढलेली, आणि १९२४ सालीं तेथील कॉलेजांतून पदवी मिळविणारी पहिली स्त्री. त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत युकॉन नदीच्या कांठीं अँव्हिक या खेड्यांत दोघांचा विवाह झाला. नववधूनें गृहप्रवेश केला तो कोयुकुक नदीच्या खोऱ्यांत! बर्फावरून कुत्र्यांच्या गाडीनें पांचशे मैलांहून अधिक वाट तुडवीत तिनें पतीच्या कॅरिबू-संशोधनांत साथ दिली.

पुढें १९२६ च्या उन्हाळ्यांत त्यांनीं केलेला प्रवास तर आपल्याकडील आजीबाईंच्या छातींत धडकीच भरवील. थोरला मुलगा मार्टिन अद्याप वर्षाचाही झाला नव्हता. त्यास घेऊन, एका सहकाऱ्यासह, तीं दोघें होडीनें ओल्ड क्रो नदीवर गेलीं. रानहंसांच्या पायांत खुणेचीं कडीं घालावयाचीं होतीं. उन्हाळ्यांत या पक्ष्यांचीं उड्डाणाचीं पिसें एकदम झडतात आणि नवीं येईपर्यंत त्यांना उडतां येत नाहीं. तेवढ्या काळांतच ते धरतां येतात. वाटेंत होडीचें यंत्र मोडलें. परत फिरण्याऐवजीं, लांब काठ्या नदीच्या तळाशीं रेटीत त्यांनीं होडी प्रवाहाविरुद्ध नेली.

अशा ठिकाणीं संकट तें अस्वलाचें किंवा लांडग्याचें, असें आपण सहज धरून चालतों. प्रत्यक्षांत या कुटुंबाची सत्त्वपरीक्षा पाहिली ती डांसांनीं. बाळाच्या भोंवतीं जाळी धरून ती माता तो सारा उन्हाळा राहिली. वनांत ज्याची धास्ती घ्यावी तो भेटत नाहीं, आणि ज्याचा विचारही मनांत आलेला नसतो तो सामोरा येतो, याचें याहून चांगलें उदाहरण कोणतें?

१९२७ सालीं ओलॉस यांची नेमणूक वायोमिंग प्रांतांतील जॅक्सन होल या खोऱ्यांत झाली. तेथें एल्क नांवाचीं मोठीं हरणें हिवाळ्यांत मरत होतीं. त्याचें कारण त्यांनीं शोधावयाचें होतें. पुढें मुलें तीन झालीं, आणि उन्हाळा आला कीं सारें कुटुंब डोंगरांत तंबू ठोकून राही. येथेंही उत्तर अनपेक्षित ठिकाणीं सांपडलें. चाऱ्यांतील राठ कुसळें हरणांच्या तोंडांत रुततात, त्या जखमांतून रोगजंतु शिरतात आणि जनावर दगावतें. वाळलेला चारा तर हिवाळ्यांत माणूसच त्यांच्यापुढें टाकीत होता! दया करावयाची झाली तरी ती ज्ञानपूर्वक करावी लागते, हा बोध केवळ अरण्यापुरता नव्हे. प्राण्यांच्या पाऊलखुणांवर ओलॉस यांनीं स्वतः चित्रें काढून सिद्ध केलेला ग्रंथ १९५४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत विष्ठेचींही चित्रें आहेत. ज्या गोष्टीकडे पाहून आपण नाक मुरडतों, तिच्यावरून जनावरानें काय खाल्लें हें त्यांना वाचतां येई.

१९५६ च्या उन्हाळ्यांत हें दांपत्य पुन्हा अलास्काच्या उत्तर टोंकाकडे, शीनजेक नदीच्या खोऱ्यांत छावणीस गेलें. ओलॉस तेव्हां ६७ वर्षांचे होते. बरोबर तरुण अभ्यासक होते. त्यांपैकीं जॉर्ज शॅलर यांनीं पुढें १९६३ पासून आपल्या मध्यप्रदेशांतील कान्हाच्या जंगलांत वाघांचा प्रसिद्ध अभ्यास केला. या खोऱ्यांतून कॅरिबूंचे कळप ये-जा करतात. चालतांना त्यांच्या पायांतील कंडरा टकटक वाजतात, आणि कळप मोठा असला म्हणजे तो आवाज दूरवर ऐकूं येतो. ही भूमि जशीच्या तशी राखली पाहिजे, असें पतिपत्नींनीं परत येऊन लोकांस व सरकारास पटविलें. १९६० सालीं सुमारें ८९ लक्ष एकर प्रदेश वन्य प्राण्यांसाठीं राखून ठेवण्यांत आला. १९८० सालीं तो दुपटीहून अधिक वाढविला गेला.

ओलॉस १९६३ सालीं निवर्तले. त्याच्या आदल्या वर्षीं मार्गारेटबाईंचा ‘टू इन द फार नॉर्थ’ हा अनुभवग्रंथ निघाला होता. पतीमागें चाळीस वर्षें त्यांनीं तेंच कार्य पुढें चालविलें. १९९८ सालीं अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान त्यांस लाभला, आणि २००३ सालीं १०१ व्या वर्षीं त्यांनीं देह ठेवला. मात्र त्या प्रदेशाची चिंता मिटलेली नाहीं. त्याच्या समुद्रकांठच्या सुमारें १५ लक्ष एकर सपाटीवर कॅरिबूंच्या माद्या वितात. तीच सपाटी १९१७ सालीं नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०१७ सालच्या कायद्यानें तेलाच्या शोधासाठीं खुली करण्यांत आली, आणि तो वाद अद्याप चालूच आहे.

संसार हा मोठ्या कार्याच्या आड येतो, असें आपण वारंवार म्हणतों. म्युरी दांपत्याचें उदाहरण निराळें सांगतें. एकटा पुरुष वनांत जाऊन शिकार करून, फार तर मोजदाद करून परततो. स्वयंपाक, अंथरूण, मुलांचें हंसणें-रडणें हें सारें बरोबर नेल्यामुळें या दोघांना तेथें दीर्घकाळ राहतां आलें. आणि राहिल्यामुळेंच, न शोधलेलें असें पुष्कळ त्यांच्या दृष्टीस पडलें. हल्लीं आपलीं मुलें-सुना सुटींत ताडोबास किंवा मेळघाटांत जातात. वाघ दिसला नाहीं म्हणून तीं खिन्न होऊन परतलीं, तर वडील मंडळींनीं त्यांना एवढेंच विचारावें : वाघ दिसला नाहीं हें खरें, पण दिसलें काय काय?