नाव एक, फोन दोन: मोबाईल घेण्याआधी काय बघाल?



गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्ज मागताना आपण कारण लिहितो. बियाणं, खत, दवाखाना, मुलांची फी, शेळी. अलीकडे या यादीत आणखी एक कारण आलं आहे, मोबाईल. ते आता चैनीचं कारण राहिलेलं नाही. बँकेचा ओटीपी मोबाईलवर येतो, शाळेचा निरोप व्हॉट्सॲपवर येतो, पापड-लोणच्याची मागणीही तिथंच येते. तेव्हा मोबाईलला कर्ज द्यावं की नाही, यावर आज बोलायचं नाही. आज बोलायचं आहे ते त्याच्या पुढचं. दुकानात दोन फोन शेजारी ठेवले, दोन्ही दिसायला सारखे, किमतीत हजार-दोन हजारांचा फरक, तर त्यातला कोणता घ्यायचा?

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "ताई, बजेट किती?" आपण आकडा सांगतो आणि मग तो दाखवेल तेच बघत बसतो. म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की दुकानात जाण्याआधी घरी एका कागदावर कामं लिहा. या फोनवर मी रोज काय करणार? बोलणं, व्हॉट्सॲप, पैसे पाठवणं, गटाच्या नोंदी भरणं, मुलीचा अभ्यास, मालाचे फोटो. आणि हा फोन किती वर्षं चालवायचा? दोन की चार? हा कागद हातात असला की फोन आपण निवडतो. नसला की दुकानदार निवडतो.

कामाला न पुरणारा फोन म्हणजे काय, हे आपल्या राज्यातल्या अंगणवाडी सेविकांना विचारा. २०१९ मध्ये राज्यात एक लाखाहून जास्त मोबाईल सेविकांना सरकारकडून मिळाले. त्यांची रॅम २ जीबी आणि साठवणीची जागा १६ जीबी. पुढे पोषण ट्रॅकर हे ॲप आलं, कामाच्या नोंदी वाढल्या आणि फोन अडू लागले. गरम होतात, बंद पडतात, दुरुस्तीचा खर्च आमच्याच माथी येतो, अशा तक्रारी झाल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये सेविकांनी हे फोन सरकारला परत करण्याचं आंदोलन केलं. त्या बायकांना फोन वापरता येत नव्हता असं नाही. काम मोठं होतं आणि फोन छोटा होता.

आता ही रॅम आणि साठवण म्हणजे काय ते समजून घेऊ. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. साठवण म्हणजे कोठीघर. कोठीत गहू, तूर, तेल सगळं भरून ठेवता येतं. पण एका वेळी किती भांडी मांडून काम करता येईल, ते ओटा ठरवतो. व्हॉट्सॲप उघडं, त्यात फोटो काढायचा आणि मधेच फोन आला, म्हणजे ओट्यावर तीन भांडी झाली. ओटा लहान असेल तर एक भांडं खाली उतरवावं लागतं. फोन अडकतो तो बहुतेकदा इथंच. आणि प्रोसेसर म्हणजे रांधणारीचा हात. तो जितका चपळ तितकं काम लवकर.

आता दोन फोन प्रत्यक्ष शेजारी ठेवू. डिसेंबर २०२३ मध्ये एकाच कंपनीचे दोन फोन आपल्या बाजारात आले, रेडमी १३सी आणि रेडमी १३सी ५जी. नाव एकच, एकाच्या शेपटीला फक्त ५जी. उदाहरणाला हीच जोडी घेते, कारण गोंधळ इथंच जास्त होतो. विकत हेच घ्या असं मी सांगत नाही. फोनची मॉडेलं बदलत राहतील, ताडून पाहण्याची रीत तीच राहील.

दोघांत सारखं काय? स्क्रीन ६.७४ इंच. बॅटरी ५००० एमएएच. मागचा मुख्य कॅमेरा ५० मेगापिक्सेल. अंगठ्याने उघडायची सोय दोन्हींत बाजूच्या बटणावर. दोन्ही फोन १८ वॅटचं चार्जिंग घेतात, पण खोक्यात मिळणारा चार्जर मात्र १० वॅटचा. म्हणजे दुकानातली व्यक्ती "बॅटरी मोठी आहे, कॅमेरा ५०चा आहे" असं सांगून महागडा फोन पुढे करत असेल, तर मनात म्हणा, हे तर स्वस्तातल्यातही आहे. जे दोघांत सारखं आहे ते कागदावरून सरळ खोडून टाका. उरेल त्यावरच निर्णय घ्यायचा.

वेगळं काय? पहिला फरक प्रोसेसरचा, म्हणजे रांधणाऱ्या हाताचा. साध्या १३सी मध्ये हेलिओ जी८५ आहे. हा २०२० साली आलेला. ५जीवाल्यात डायमेन्सिटी ६१००+ आहे, तो २०२३चा. पहिला १२ नॅनोमीटरचा, दुसरा ६ नॅनोमीटरचा. हा आकडा जितका लहान तितकी चिप नवीन पद्धतीने घडवलेली आणि सहसा त्याच कामाला बॅटरी कमी खाणारी. बाहेरून फोन दोन्ही नवे, पण आतला हात एकाचा तीन वर्षं जुना. हे दिसण्यातून कधीच कळत नाही, खोक्यावरच वाचावं लागतं.

दुसरा फरक कोठीघराच्या दाराचा. दोन्ही फोनमध्ये १२८ जीबी जागा मिळते. पण साध्या फोनमधली साठवण ईएमएमसी प्रकारची आहे आणि ५जीवाल्यातली यूएफएस प्रकारची. कोठी तेवढीच, पण एकीचं दार अरुंद आणि दुसरीचं रुंद. फोन भरत गेला, फोटो-व्हिडिओ हजारांनी झाले, की अरुंद दाराचा त्रास जाणवू लागतो. पहिल्या महिन्यात दोन्ही फोन सारखेच पळतात. फरक दिसतो तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी.

तिसरा फरक उलटा आहे. समोरचा कॅमेरा, ज्यावर आपण व्हिडिओ कॉल करतो, तो स्वस्त फोनमध्ये ८ मेगापिक्सेलचा आणि महाग फोनमध्ये ५चा. महाग म्हणजे सगळंच सरस, असं नसतं. तसंच मागे किती गोल दिसतात ते मोजू नका. त्यातला खरा फोटो काढणारा मुख्य कॅमेरा एकच असतो, बाकीचे बहुतेक नावाला. लोणच्याच्या बरणीचा फोटो दुकानातच काढून बघा, दोन्ही फोनवर, त्याच उजेडात.

चौथा फरक ५जीचा. नागपूर शहर देशातल्या पहिल्या आठ शहरांत होतं, जिथं ऑक्टोबर २०२२ मध्ये एअरटेलची ५जी सेवा सुरू झाली. पण नागपुरात मिळणारं सगळं आपल्या शिवारात मिळतंच असं नाही. ज्यांच्याकडे ५जी फोन आहे अशा शेजाऱ्याला घरी चहाला बोलवा आणि तुमच्या कंपनीच्या कार्डावर, तुमच्या घरात, वर ५जी लिहून येतं का ते बघा. सावनेरच्या बसस्टँडवर बघून उपयोग नाही. ५जी फोन ४जीवरही चालतो, तेव्हा तो घेतला तर काही अडत नाही. पण गावात ५जी नसेल तर त्या नावासाठी पैसे मोजू नका. मोजायचेच असतील तर चपळ हात आणि रुंद दारासाठी मोजा.

आता किंमत. बाजारात आले तेव्हा, कार्डाची सवलत न धरता, साधा १३सी ४ जीबी रॅमचा ८,९९९ रुपयांना आणि ६ जीबीचा ९,९९९ रुपयांना होता. ५जीवाला ४ जीबीचा १०,९९९ आणि ६ जीबीचा १२,४९९ रुपयांना. इथं एक फसगत होते. कोणी ९,९९९ आणि १०,९९९ हे दोन फोन शेजारी ठेवतं आणि म्हणतं, "फक्त हजाराचा फरक, ५जी घ्या." पण त्यात स्वस्ताची रॅम ६ आहे आणि महागाची ४. तुलना सारख्याशी सारख्याची करायची. ४ ला ४ लावलं तर फरक २,००० रुपये. ६ ला ६ लावलं तर २,५००.

आणखी एक सावधगिरी. खोक्यावर किंवा जाहिरातीत "८ जीबी रॅम" लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात ४ अधिक ४. यातली खरी रॅम पहिलीच. दुसरे ४ म्हणजे कोठीघरातला कोपरा ओटा म्हणून वापरणं. थोडी मदत होते, पण कोठीत बसून भाजी चिरण्यासारखंच ते. म्हणून सरळ विचारा, "भाऊ, वाढवलेली सोडा, मूळ रॅम किती?"

२,००० रुपयांचा फरक गटाच्या वहीत किती होतो तेही बघू. समजा गटाचं व्याज महिन्याला शेकडा २ रुपये आहे, मुद्दलाचे हप्ते १० आणि व्याज उरलेल्या मुद्दलावर. ९,००० च्या कर्जाला दहा महिन्यांत व्याज ९९० रुपये. ११,००० ला १,२१० रुपये. म्हणजे फरक २,००० चा नाही, २,२२० चा. पहिला हप्ता एकीचा १,०८० आणि दुसरीचा १,३२०. गटाचं व्याज निदान गटातच राहतं. दुकानातल्या "शून्य टक्के" हप्त्यात फाईलचा खर्च, विमा, न मागितलेलं कव्हर असं काय काय जोडलंय, ते सही करण्याआधी एकूण बेरीज करून विचारा.

मग कोणी कोणता घ्यावा? बोलणं, व्हॉट्सॲप, पैसे पाठवणं, व्हिडिओ कॉल एवढंच काम असेल आणि हप्ता जड जाणार असेल, तर साधा फोन ६ जीबी रॅमचा घेणं शहाणपणाचं. जी ताई सीआरपी आहे, बँक सखी आहे, दिवसभर ॲपवर नोंदी भरते आणि फोन चार वर्षं चालवणार आहे, तिनं चपळ प्रोसेसर आणि यूएफएस साठवण असलेला फोन घ्यावा, गावात ५जी असो वा नसो. जमलं तर त्यातही ६ जीबी. आणि ज्या फोनची मूळ रॅम २ किंवा ३ जीबी आहे, तो कितीही स्वस्त असला तरी कामासाठी घेऊ नये. कारण अंगणवाडी सेविकांनी सांगितलंच आहे.

दुकानात एवढं तपासा. फोन बाहेर उन्हात नेऊन स्क्रीन दिसते का बघा. आपलं निम्मं काम शेतात आणि अंगणात असतं. स्पीकर मोठ्याने वाजवा. मराठी टाईप करून बघा. कापूस वेचून, भांडी घासून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, तेव्हा अंगठा दोन-तीनदा लावून बघा आणि पिनही ठेवा. दोन सिम आणि मेमरी कार्ड तिन्ही एकदम बसतात का, विचारा. *#०६# दाबलं की आयएमईआय नंबर दिसतो. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या नंबराशी जुळवा. जुना फोन घेत असाल तर इंग्रजीत केवायएम लिहून, जागा सोडून तो नंबर १४४२२ वर एसएमएस करा. फोनची खरी माहिती येते. पक्कं बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. फोन हरवला तर संचार साथी या सरकारी पोर्टलवर त्याच नंबरावरून तो बंद करता येतो. दुकानदार ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाईन १९१५. पैशाची फसवणूक झाली तर वेळ न घालवता १९३०.

सर्विस सेंटर कुठे आहे तेही आधीच विचारा. फोन बिघडला आणि दर खेपेला नागपूर गाठावं लागलं, तर एक दिवसाची मजुरी आणि बसभाडं दोन्ही जातं. ते त्या फोनच्या किमतीतच धरायला हवं.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. कर्ज ताईच्या नावावर, हप्ता ताईच्या खिशातून आणि फोन मात्र मुलाच्या हातात, असं अनेक घरांत होतं. मग ओटीपी कोणाला दिसतो? खात्यात किती आले, किती गेले, कोणाला कळतं? बिल तुमच्या नावाचं असू द्या. सिम तुमच्या आधारवर असू द्या. बँकेत तोच नंबर जोडा आणि पिन तुमचा तुम्हालाच ठाऊक असू द्या. मुलाला अभ्यासाला फोन द्यायचा तर द्या, पण तो तुमच्याकडून मागून घेऊ दे.

पुढच्या बैठकीत कोणी मोबाईलसाठी कर्ज मागितलं, तर सचिव ताईंनी दोन ओळी जास्त लिहून घ्याव्यात. या फोनवर काम कोणतं, आणि कोणते दोन फोन शेजारी ठेवून पाहिले. ज्या बहिणीला या दोन ओळी लिहिता आल्या, तिला दुकानात फसवणं अवघड.