तांब्यावर कोरलेले ग्रानाडा

मागच्या महिन्यात एका रात्री इशाच्या नमाजनंतर आम्ही मुलांना घेऊन संगणकासमोर बसलो. जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाने साडेचारशे वर्षांपूर्वीचा एक ग्रंथ पानन् पान सर्वांसाठी खुला केला आहे, तो पाहायचा होता. ग्रंथात युरोपातल्या आणि जगातल्या शहरांची कोरीव चित्रे आहेत. लंडन, पॅरिस, व्हेनिस पाहत पाहत आम्ही स्पेनमधल्या ग्रानाडाला पोहोचलो. मागे बर्फाचे डोंगर, मध्ये टेकडीवर अल हम्राचे बुरूज. आणखी एका चित्रात त्या शहरातल्या बायाबापड्यांचे कपडे दाखवलेले. एका स्त्रीने डोक्यापासून खालपर्यंत चादर लपेटली होती. आमची धाकटी म्हणाली, "ही तर आपल्या दादीसारखी दिसते!"

मुलीच्या त्या एका वाक्याने आम्हांला पुढचे कितीतरी दिवस वाचायला लावले. जे वाचले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

शहरांचा ग्रंथ

ग्रंथाचे लॅटिन नाव 'चिविटाटेस ऑर्बिस टेरारुम', म्हणजे पृथ्वीवरील शहरे. जर्मनीतल्या कोलोन शहरात 1572 साली त्याचा पहिला खंड निघाला आणि सहावा, शेवटचा खंड 1617 साली. संपादक होते गेऑर्ग ब्राउन नावाचे धर्मगुरू, आणि बहुतेक पत्रे कोरले फ्रान्स होगेनबर्ग यांनी. होगेनबर्ग 1590 साली वारले, पण काम थांबले नाही. सहा खंडांत मिळून पाचशेहून अधिक दृश्ये आहेत.

त्या काळी फोटो नव्हता. प्रवास महाग आणि धोक्याचा. ब्राउन यांना वाटे की माणसाने घरी खुर्चीत बसून जग पाहावे. म्हणून त्यांनी ठिकठिकाणच्या चित्रकारांकडून रेखाटने मागवली आणि ती तांब्यावर कोरून घेतली.

हे काम मोठ्या कष्टाचे असे. आधी तांब्याचा पत्रा घासून आरशासारखा गुळगुळीत करायचा. मग अणकुचीदार पोलादी कोरणीने त्यावर रेघा कोरायच्या, आणि त्याही उलट्या, कारण छापताना डावे उजवीकडे जाते. शहराचे नावसुद्धा उलट्या अक्षरांत कोरावे लागे. नंतर पत्र्यावर शाई फासायची आणि वरची सगळी पुसून घ्यायची, म्हणजे ती फक्त रेघांच्या चरांत उरते. वर ओलसर कागद ठेवून पत्रा दोन जड रुळांमधून काढला की चरांतली शाई कागदावर उतरते. रंग हवा असेल तर एकेका प्रतीवर हाताने भरायचा. एक चूक झाली की ती खरवडून, पत्रा मागून ठोकून पुन्हा सपाट करावा लागे.

ब्राउन यांचा एक गैरसमज

या चित्रांत शहराच्या पुढे, अगदी जवळ, माणसे उभी दिसतात. कुठे व्यापारी, कुठे शेतकरी, कुठे नटलेल्या स्त्रिया. ती का काढली, हे ब्राउन यांनी प्रस्तावनेत सांगितले आहे. एक कारण सरळ आहे: त्या त्या गावचा पोशाख वाचकाला कळावा. दुसरे कारण वाचून आम्ही थक्क झालो. तेव्हा युरोपला उस्मानी तुर्कांची मोठी धास्ती होती. ब्राउन यांचे म्हणणे असे की, शहरांची ही दृश्ये तुर्कांच्या हाती लागली तरी लढाईसाठी त्यांना उपयोग होणार नाही. कारण त्यांचा धर्म माणसांची चित्रे पाहू देत नाही!

प्रत्यक्षात काय होते? इस्तंबूलच्या दरबारात माणसांची लघुचित्रे भरपूर काढली जात होती. सुलतान मुहम्मद फातेह यांनी तर व्हेनिसच्या बेलिनी या चित्रकाराला बोलावून घेतले होते. चित्रांबाबत आलिमांमध्ये काय चर्चा आहे हा वेगळा विषय; पण शत्रूच्या हाती चित्र लागले तर तो डोळे मिटून घेईल, ही ब्राउन यांची समजूत म्हणजे शेजाऱ्याविषयी ऐकीव माहितीवर बांधलेला मनोरा होता.

गंमत अशी की त्याच शतकात मत्राक्‌ची नसूह नावाचे उस्मानी विद्वान ब्राउन यांच्या आधीच शहरे रंगवत होते. सुलतान सुलेमान यांच्या इराक मोहिमेसोबत जाऊन त्यांनी वाटेतली शहरे चितारली. पुढे नीस, तूलाँ, जिनिव्हा नव्हे, जेनोआ अशी युरोपची बंदरेही त्यांच्या ग्रंथात आली. घरे, मशिदी, झाडे, नद्या, जहाजे सगळे आहे. माणूस मात्र नाही. ब्राउन यांच्या ग्रंथात शहरापुढे माणसे, नसूह यांच्या ग्रंथात नुसते शहर. दोघे एकाच काळाचे, एकमेकांचे काम न पाहिलेले.

ज्याने ग्रानाडा काढले

ग्रानाडाची मूळ रेखाटने योरिस हूफनागल यांची. ते अँटवर्पच्या एका श्रीमंत व्यापाऱ्याचे चिरंजीव. 1563 ते 1567 या काळात ते स्पेनमध्ये फिरले. सेव्हिल म्हणजे आपले इश्बीलिया, मलागा, कादिझ आणि ग्रानाडा म्हणजे गर्नाता. डोळ्यांनी पाहिले ते त्यांनी वहीत उतरवले.

या साली नीट ध्यानात ठेवा, कारण सगळी गोष्ट त्यांच्यात आहे.

2 जानेवारी 1492 रोजी ग्रानाडाच्या शेवटच्या सुलतानाने शहराच्या किल्ल्या स्पेनच्या राजा-राणीच्या हवाली केल्या. त्याआधी झालेल्या तहात मुसलमानांचा धर्म, मशिदी, कायदा आणि मालमत्ता सुरक्षित राहील असे वचन होते. दहा वर्षेही ते टिकले नाही. सक्तीने धर्मांतरे झाली, बिब-रंबला चौकात अरबी ग्रंथांची होळी झाली, आणि 1502 साली कास्तीलच्या राज्यातल्या मुसलमानांपुढे दोनच वाटा ठेवल्या गेल्या: बाप्तिस्मा घ्या किंवा देश सोडा. जे राहिले त्यांना 'मोरिस्को' म्हणू लागले. नावाने ख्रिस्ती; पण घरात अरबी बोली, अंगावर जुना पोशाख आणि गल्लीत हमामखाने तसेच राहिले.

हूफनागल यांनी पाहिले ते हे ग्रानाडा. अंगभर लपेटायच्या त्या चादरीला तिथे 'अल्मलाफा' म्हणत. खाली ढगळ विजार असे.

मग 1567 साल उजाडले. राजा फिलिप दुसरा याचा हुकूम जाहीर झाला. तीन वर्षांत अरबी बोलणे आणि लिहिणे बंद. जुना पोशाख बंद. स्त्रियांनी चेहरा उघडा ठेवायचा. हमामखाने बंद. शुक्रवारी आणि सणाच्या दिवशी घराची दारे उघडी ठेवायची, म्हणजे आत काय चालले आहे ते बाहेरून दिसावे.

एका म्हाताऱ्याचा अर्ज

या हुकुमाविरुद्ध फ्रान्सिस्को नुन्येस मुले नावाच्या एका वृद्ध मोरिस्को गृहस्थांनी ग्रानाडाच्या न्यायालयाच्या अध्यक्षांपुढे लेखी अर्ज केला. तो अर्ज आज उपलब्ध आहे. त्यात शिवीगाळ नाही, धमकी नाही. आहे ती सरळ युक्तिवादाची मांडणी.

ते सांगतात: आमच्या बायकांचा पोशाख धर्माचा नाही, मुलखाचा आहे. स्पेनच्या प्रत्येक प्रांताचा पोशाख वेगळा, तसाच हा ग्रानाडाचा. अरबी भाषेचा धर्माशी संबंध जोडता, तर पूर्वेकडचे ख्रिस्ती अरबीच बोलतात, ते काय ख्रिस्ती नाहीत? ज्यांचे आयुष्य एका भाषेत गेले त्या म्हाताऱ्यांनी तीन वर्षांत दुसरी कशी शिकावी? गरिबाने घरातले सगळे कपडे टाकून नवे कुठून आणावेत?

अर्ज फेटाळला गेला. 1568च्या डिसेंबरात अल्पुहारासच्या डोंगरात उठाव झाला. तो 1571 पर्यंत चालला आणि दोन्ही बाजूंनी फार क्रूरपणा झाला. ग्रानाडाच्या मोरिस्कोंना, उठावात नसलेल्यांनासुद्धा, घराबाहेर काढून कास्तीलभर पांगवण्यात आले. कित्येक वाटेतच मेले.

आणि ग्रंथाचा पहिला खंड छापून निघाला 1572 साली.

म्हणजे कोलोनमध्ये ते पान दुकानात आले तेव्हा ग्रानाडाच्या गल्ल्या रिकाम्या झाल्या होत्या. पुढच्या खंडांतही तिथल्या पोशाखाची चित्रे छापली गेली. तोवर तो पोशाख घालणे गुन्हा होता. 1609 ते 1614 या काळात उरलेल्या मोरिस्कोंनाही स्पेनमधून हाकलण्यात आले, सुमारे तीन लाख माणसांना. बहुतेक मोरोक्को, अल्जीरिया आणि ट्युनिशियात गेले. शेवटचा खंड त्यानंतर तीन वर्षांनी निघाला.

चित्रकाराच्या नशिबीही बेघर होणे होते. 1576 साली पगार थकलेल्या स्पॅनिश सैनिकांनी अँटवर्प लुटले, जाळले. हूफनागल कुटुंबाची दौलत गेली आणि योरिस शहर सोडून निघाले. ज्या राज्याने त्यांच्या चित्रातल्या लोकांना उजाड केले, त्याच राज्याच्या फौजेने त्यांचे घरही उजाड केले.

गोवाही आहे

या ग्रंथाशी आपले नातेही आहे. पहिल्याच खंडात एका पानावर चार शहरे एकत्र दिली आहेत: मोरोक्कोतली आन्फा आणि अझेमूर, आणि आपल्याकडची दीव आणि गोवा. ही चार का? चौघांच्या इतिहासात पोर्तुगीज तोफा आहेत. आन्फा त्यांनी पंधराव्या शतकात उद्ध्वस्त केले. अझेमूर 1513 साली घेतले. गोवा 1510 साली आदिलशाहीकडून जिंकले आणि तिथल्या मुसलमानांची कत्तल केली. ही माहिती स्वतः अल्बुकर्कने आपल्या राजाला लिहून कळवली होती.

म्हणून ही चित्रे पाहताना आम्ही मुलांना एक सवय लावतो आहोत. आधी चित्र डोळे भरून पाहा, मग विचारा: हे कोणी काढले, कोणासाठी काढले, आणि यात कोण दिसत नाही? सेव्हिलच्या दृश्यात उंच मनोरा दिसतो, हिराल्डा. खालचा भाग 1198 साली पूर्ण झालेला मशिदीचा मिनार. वरचा घंटाघराचा मजला 1568 साली पुरा झाला. चित्र खोटे नाही. पण ते मिनाराची कहाणी सांगत नाही. ती आपण वाचून घ्यायची. अल्लामा इक्बाल 1933 साली कुर्तुब्याच्या मशिदीत उभे राहिले, तेव्हा त्यांच्यापुढे खांबांमध्ये उभारलेले कॅथेड्रल होते. ते तिथून नुसते हुंदके घेऊन परतले नाहीत, मोठी कविता घेऊन परतले.

लपवलेल्या वह्या

अरागॉन प्रांतातल्या मोरिस्कोंची अरबी केव्हाच सुटली होती. त्यांची मातृभाषा स्पॅनिश झाली होती. मग त्यांनी काय केले? दुआ, नबींचे किस्से, नमाजचे मसाइल त्यांनी स्पॅनिश भाषेत, पण अरबी लिपीत लिहून ठेवले. अल्मोनासिद दे ला सिएरा या गावात 1884 साली एक जुने घर पाडताना लपवलेल्या जागेतून अशा हस्तलिखितांचा मोठा साठा निघाला. पावणेतीनशे वर्षे त्या घरात कोणी ना कोणी राहत होते, आणि वह्या तशाच पडून होत्या.

हे वाचताना आम्हांला आपल्याच हातातल्या मासिकाची आठवण झाली. त्यांनी आपली रोजची भाषा अरबी अक्षरांत लिहिली. आपण अरबी दुआ देवनागरीत छापतो. भाषा माहेरची आणि दीन हृदयातला, या दोघांना एका कागदावर बसवायची धडपड तीच. त्यांना ती लपूनछपून करावी लागली. आपण उजेडात, टपालाने घरोघर पाठवून करतो. या नेमतीचे मोल आपल्याला रोज आठवते का?

जमिनीवर फिरा आणि पूर्वीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, असे कुरआन पुन्हा पुन्हा सांगतो. ज्यांना फिरणे जमत नाही त्यांना ही पाने पाहता येतील. विकत घेण्याची गरज नाही. बाजारात मिळणारी सुटी पाने बहुधा कोणीतरी जुना ग्रंथ फाडून काढलेली असतात, किंवा नव्या छपाईच्या नकला. अस्सल पानावर पत्र्याच्या कडांचा दाब उमटलेला असतो आणि ग्रंथातून निघालेल्या पानाच्या पाठीमागे मजकूर छापलेला असतो.

त्या रात्रीनंतर आमच्या घरात एक छोटे काम सुरू झाले आहे. मुले दादीकडे बसून लिहून घेतात: लग्नात कोणता पोशाख होता, मोहल्ल्यातली मस्जिद आधी कशी होती, विहीर कुठे होती, गल्लीला काय म्हणत. थोरली चित्रे काढते, धाकटी नावे लिहिते. आपल्यासाठी दुसऱ्या देशातून कोणी हूफनागल येणार नाही. आणि आला तरी तो चादर काढील. ती लपेटणारीचे नाव त्याला ठाऊक नसेल.

ते नाव घरातल्यांनीच लिहून ठेवायचे असते. वाचकांनीही आपापल्या घरी एक वही घालावी. दादी, नानी आहेत तोवर.