शाळेतील कर्मचाऱ्यांची ऑनलाइन हजेरी प्रणाली कशी तयार करतात?

हजेरीपटावरील सहीवर शिक्षकाचा पगार आणि रजेचा हिशोब अवलंबून असतो. त्यामुळे मस्टर वेबवर आणताना सर्वांत आधी एक गोष्ट ठरवावी लागते : ‘गैरहजर’ कोणाला म्हणायचे?

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ नुसार शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीच्या कामावर पाठवता येते. अशा दिवशी शिक्षक शाळेत नसतात, पण कामावर असतात. प्रणालीत ‘हजर’ आणि ‘गैरहजर’ एवढेच पर्याय असतील, तर त्यांची विनाकारण गैरहजेरी लागते. म्हणून रजा, अर्धा दिवस, प्रशिक्षण, शासकीय काम आणि सुट्टी हे पर्याय वेगळे ठेवावेत.

माहितीची रचना

साध्या प्रणालीला चार तक्ते पुरतात : कर्मचारी, रोजची हजेरी, रजेचे अर्ज आणि सुट्ट्या. एका कर्मचाऱ्याची एका तारखेला एकच नोंद राहील, असे बंधन डेटाबेसमध्येच घालावे. मग बटण चुकून दोनदा दाबले, तरी दुहेरी हजेरी लागत नाही.

वेळ कोणाची धरायची?

मोबाइलचे घड्याळ मागेपुढे करता येते, म्हणून वेळ सर्व्हरची घ्यावी. मात्र अनेक सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. रूपांतर राहून गेले, तर पहाटे ५ वाजता आलेल्या पहारेकऱ्याची नोंद आदल्या तारखेला रात्री ११.३० वाजता पडते.

नेटवर्क नसेल तर?

नोंद ब्राउझरमध्ये साठवून रेंज आल्यावर पाठवता येते. अशा नोंदीत हजेरी केव्हा लावली आणि सर्व्हरवर केव्हा पोहोचली, या दोन्ही वेळा ठेवाव्यात. त्यात मोठी तफावत दिसली, तर मुख्याध्यापकांनी खातरजमा करावी.

दुरुस्ती आणि गोपनीयता

चूक दुरुस्त करताना जुनी नोंद पुसू नये. बदल कोणी, कधी आणि का केला, हे सोबत नोंदवावे. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःची हजेरी पाहता यावी, म्हणजे आक्षेप पगारबिलाआधीच घेता येतो. बोटांच्या ठशांचा आग्रह धरण्यापूर्वी विचार करावा. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, ठसा बदलता येत नाही.

पहिला महिनाभर कागदी मस्टर आणि ऑनलाइन हजेरी दोन्ही सुरू ठेवावी. महिनाअखेरीस दोन्ही ताडून पाहावे आणि फरकाचे कारण सापडल्यावरच कागद बंद करावा.